शेजाऱ्याची बंदूक, आमची नोंद

जपानमध्ये त्सुकुबाच्या डोंगराखाली आम्ही राहतो, तिथे आमच्या शेजारच्या आजोबांची भाजी रानडुकरं खात. आजोबांनी बंदूक घेण्यासाठी परवान्याचा अर्ज केला आणि चौकशीला पोलीस आमच्या दारात आला.

"ते दारू पितात का? कुणाशी भांडतात का?"

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. मुख्याध्यापकांनी दिलेल्या वर्तणुकीच्या दाखल्यावर तालुक्याबाहेर पडलो. त्यामुळे दाखला खराच द्यावा, असं मला वाटतं. म्हणालो, "माणूस सज्जन आहे. फक्त प्लास्टिकच्या कचऱ्यात मी काच टाकली, तेव्हा माझ्यावर फार ओरडले."

पोलिसाने ते लिहून घेतलं. मग माझं नाव, नोकरी, व्हिसा आणि मुलीची शाळाही लिहिली.

"बंदूक अजून दुकानात आणि नोंद आपली," बायको म्हणाली. "शिवाय आजोबांचा परवाना घालवलास तो वेगळाच."

काही आठवडे मी आजोबांना टाळलं. शेवटी माफी मागायला गेलो.

"परवाना मिळाला," ते म्हणाले. "एकट्या म्हाताऱ्याला बंदूक द्यायला ते बिचकतात. पण ज्याच्यावर ओरडावं असा शेजारी मला आहे, म्हणजे मी एकलकोंडा नाही, असं त्यांनी ठरवलं. तीन वर्षांनी नूतनीकरण आहे. तोवर तुम्ही घर बदलू नका."