परत पाठवलेली पिशवी

कुणी भेटायला आलं की मी आधी त्याच्या हातांकडे बघतो. नगरसेवक झाल्यापासूनची ही खोड आहे. त्याआधी बावीस वर्षं मी लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवला. नारायण पेठेपासून मांजरीपर्यंत निम्म्या पुण्याला मी नाचवलंय, आणि तेवढ्या वर्षांत पाणी हवंय का, एवढंही फार कुणी विचारलं नाही. निवडून आलो आणि आठवड्याभरात कळलं, की पेठेतल्या प्रत्येकाला माझं वाजवणं पहिल्यापासून आवडत होतं. एका निवृत्त मास्तरांना तर माझ्या फुंकेत साधना दिसली. हेच गृहस्थ पूर्वी गॅलरीतून सांगायचे, "अहो, जरा माणसांसाठी वाजवा." त्यांच्या दारापुढचा दिवा बंद होता, तो मी लावून दिला. साधनेचा विषय पुन्हा निघाला नाही.

पहिल्याच महिन्यात एक बिल्डर पेढ्यांचा बॉक्स ठेवून गेला. पेढ्यांखाली मनगटी घड्याळ निघालं. ते परत करायला मला तीन खेपा घालाव्या लागल्या, कारण घ्यायला कुणी भेटेना. तेव्हापासून ऑफिसात नियम केला: कुणाचीही पिशवी उघडायची नाही, आल्या पावली परत. उघडली म्हणजे घेतली. या नियमाचा मला चांगलाच तोरा होता.

गेल्या लग्नसराईत एका सकाळी माझा जुना जोडीदार ऑफिसात आला. हा मांजरीचा, साइड ड्रम वाजवणारा. वीस वर्षं वरातीत माझ्या डाव्या खांद्याला खांदा लावून चालला. त्याच्या मांडीवर कापडी पिशवी होती, आणि मला माणसाआधी पिशवी दिसली. मांजरीला नव्या इमारती उठतायत, रस्त्याकडेला याचाही जमिनीचा तुकडा आहे. आज ना उद्या हा येणार, हे मी धरूनच चाललो होतो. काम काय, म्हणून विचारलं.

"काम काय न्हाई," तो म्हणाला. "घरी तू घावत न्हाईस, म्हणून हितं आलो."

काम नाही म्हणणाऱ्याचं काम सगळ्यात मोठं असतं, असा माझा अनुभव. त्याने पिशवी टेबलावर ठेवली. मी ती तशीच त्याच्याकडे सरकवली आणि दहा माणसांदेखत म्हणालो, "पिशवी उचला. अर्ज असेल तर लिहून द्या."

त्याला मी आयुष्यात पहिल्यांदा अहो-जाहो केलं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तो पिशवी उचलून गेला. बसलेल्यांपैकी दोघांनी माझ्या सचोटीचं कौतुक केलं आणि ते मला आवडलं, हे कबूल करतो.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा बायकोने विचारलं, कोट अंगाला झाला का.

आम्हा बँडवाल्यांत घरच्या लग्नाची पत्रिका एकमेकांना देत नाहीत. ज्याच्या घरी कार्य, तो प्रत्येक वाजवणाऱ्याचा युनिफॉर्म धुऊन, इस्त्री करून स्वतः नेऊन देतो. घेतला की आमंत्रण पोचलं. परत केला तर तो माणूस बँडमधून गेला असं समजतात. जोडीदाराच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. त्याच्या बायकोने आमच्या घरी फोन करून माझं माप मागून घेतलं होतं, आणि त्याने कोटाची शिवण उसवून दोन बोटं सैल करून घेतली होती. "नगरसेवकाचं पोट मावेल एवढा," बायको म्हणाली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

जोडीदाराला फोन केला. तो "लग्नाला या" म्हणाला. 'ये' नाही, 'या'. आणि माझी जात बघा: तरीही लग्नाच्या दिवशी मांजरीत शिरताना मी वाटेभर माझा फोटो असलेला फ्लेक्स शोधत होतो. एकही नव्हता.

नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघायच्या बेतात होता. घोड्यापुढे बँड उभा होता, आणि मुलाचा बाप असूनही हा गळ्यात ड्रम अडकवून पहिल्या ओळीत होता. त्याच्या उजव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी होती. ती कुणाची, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी जवळ जाऊन म्हणालो, "कोट दे. वाजवतो मी."

त्याने ड्रमचा पट्टा सारखा केला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"नगं साहेब. मानसं बघत्यात. तुमी मांडवात बसा, सत्कार हाय तुमचा."

मग त्याने ओळीला खूण केली. माणसं एकेक पाऊल सरकली आणि मधली जागा भरून निघाली. वरात हलली. मी कडेला झालो, तर मागून येणाऱ्या बायकांच्या वाटेत आलो. तिथून हललो, तर घोडेवाल्याच्या. ट्रंपेट हातात नसताना वरातीत कुठे उभं राहतात, ते मला माहीत नव्हतं.