हिरवं बटण दाबायच्या आधी

सुमे,

आबा मला देवगाव रंगारीच्या स्टँडवर सोडायला आले, त्या दिवशी तू तापानं घरी पडली होतीस. मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली करून आले होते. बसच्या खिडकीशी उभं राहून म्हणाले, "मशीनबिशीनला आपल्या मनानं हात लावू नको, बाई. आपल्याला त्यातलं काय कळतंय?" मायेनं बोलले. पण त्या बोलण्याचा मला आज लई राग येतो.

शाळेत गणिताचे सर हेच म्हणायचे, फळ्यापाशी उभं करून, वर्गाला हसवून. इथं संभाजीनगरला कारखान्यातला सुपरवायझरही तेच म्हणाला, "गावाकडच्या पोरींना पॅकिंगच बरं." दोन वर्षं खोकी चिकटवली. मग हट्टानं सीएनसी लेथ शिकायला लागले. तिच्यात आकडे भरायचे, त्या आकड्यांबरहुकूम ती लोखंड कापते. एका आकड्यामागचं उणे चिन्ह माझ्याकडून राहिलं. कापायचं टूल सरळ लोखंडात घुसून तुटलं.

"म्हणलो होतो ना?" सुपरवायझर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

त्यानंतर तो मागं येऊन उभा राहिला, की माझा अंगठा मशीन चालू करायच्या हिरव्या बटणावर अडायचा. प्रोग्रॅम तोंडपाठ, तरी दाबवत नव्हतं. गारखेड्याच्या खोलीवर येऊन मी भांडी आपटायचे.

शेजारच्या मशीनवर शबानाबाजी आहेत, बाजी म्हणजे त्यांच्यात ताई. डबा खाताना एकदा म्हणाल्या, "तू मशीन को नई डरती. पीछू खडा रहता ना, उस्को डरती." त्यांनी मला लोखंड न लावता रिकामी मशीन चालवायला शिकवलं, एकेक ओळ. समोर तुटायला काहीच नसतं. आठवडाभर मी मुद्दाम चुकले. चुकल्यावर टूल कुठं जातं, ते डोळ्यांनी बघितलं. शाळेत मला कुणी असं चुकू दिलं असतं तर?

मग एका सकाळी लोखंड लावलं. सुपरवायझर आलाच.

"साहेब, माझ्या मागं उभं राहू नका," मी म्हणाले.

"आणि परत टूल ठोकलंस तर?"

"तर बोलावते तुम्हाला."

तो हलेना. मीही बटण दाबेना. शेवटी गेला. मग दाबलं. तुकडा निघाला, मापला, बरोबर होता. मला आनंद झाला नाही, सुमे. संताप आला. इतकं सोपं होतं, आणि मी दोन वर्षं खोकी चिकटवली.

काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, मलाबी यायचंय, पर मला नाय जमणार." हे तुझं बोलणं नाही, तुला शिकवलेलं आहे. ये तू. खोली लहान आहे, दोघींना पुरेल. आबांना माझा नमस्कार सांग. दिवाळीला मी येईनच, आईच्या हातचं खाईन. पण घर म्हणशील, तर जिथं चुकलं तरी कुणी हसत नाही, त्याला मी आता घर म्हणते. ते मला गावात मिळायला पाहिजे होतं.