येते नव्हे, जाते

परदेशातून चर्चची माणसं दरवर्षी आमच्याकडच्या बालगृहाला भेट द्यायला येतात. श्रीवर्धनहून त्यांना नेणारी गाडी माझी. त्यांच्यातल्या एका बाईंशी माझं कधी पटलं नाही. मराठी त्या बालगृहातल्या मुलांकडूनच शिकल्या, त्यामुळे माझ्यासारख्या पन्नाशीच्या माणसालाही अरेतुरे करायच्या. मी भाडं सांगितलं की मान हलवून म्हणायच्या, "जास्त हाय, दादा. न्हाय देणार." भाव ठरला की डोळे मिटून प्रार्थना, आणि ती संपेपर्यंत मला चावी फिरवता यायची नाही.

गेल्या खेपेला निघताना बाकीचे पाहुणे मुलांना हात हलवून "येतो, येतो" म्हणत होते. कोणीतरी शिकवलं असणार. या बाई मात्र स्वच्छ "जाते" म्हणाल्या. गाडीत बसल्यावर मी भडकलो. "बाई, निघताना जाते म्हणू नये. येते म्हणावं. एवढी वर्षं येताय, एवढं कळत नाही?"

"कळतं. एकदा म्हटलं होतं येते," त्या म्हणाल्या. "मग वर्षभर आले न्हाय. मुलं रोज फाटकात बसायची."

मी गाडी सुरू केली. स्टँडवर उतरल्यावर त्या खिडकीत वाकल्या आणि हसल्या.

"येते हां, दादा. तू थोडाच वाट बघणार हायेस?"

आयुष्यभर घासाघीस करत आलोय, पण माझा इतका कमी भाव कोणी केला नव्हता.