बोरीची कन्या लंडनला

नाव : सिद्धोधन सूर्यभान वाव्हळे. राहणार : बोरी, तालुका जिंतूर. हुद्दा : पंचायत समितीत लिपिक. व्यसन : नाही. शत्रू : माहितीत नाहीत. अपत्य : एक, कन्या धम्मशीला, उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला रवाना. सामाजिक कार्य : वरील कन्या.

हा परिचय सत्काराच्या दिवशी लिंबाजीने माईकवरून वाचला. लिंबाजी म्हणजे सिद्धोधनचा वर्गमित्र आणि गावातल्या प्रत्येक अभिनंदनाच्या फ्लेक्सवर खालच्या कोपऱ्यात हात जोडून उभा असणारा इसम.

खरं तर धम्मशीलाने जर्मनी निवडली होती. मृदाशास्त्रात एमएस्सी झाल्यापासून ती देशोदेशीची विद्यापीठं धुंडाळत होती; कुठली फी झेपेल, कुठे खोली स्वस्त, कुठे शिकता शिकता काम करू देतात. शेवटी एक सरकारी विद्यापीठ सापडलं. शिकवणं इंग्रजीतून, फी नाही. राहण्याखाण्याचे पैसे तेवढे आधी दाखवायचे. ते जिंतूरचा अर्धा प्लॉट विकून भागत होते. प्रवेशही मिळाला.

सिद्धोधनने एकच विचारलं, "फी कामून न्हाई?"

"तिथं कुणालाच न्हाई, पप्पा."

त्याला ते पटेना. तो म्हणाला, "शाळेत गुरुजी म्हणायचे, फी माफीवाले उभे ऱ्हा. मंग सगळा वर्ग आमच्याकडं बघायचा. धाव्वीपस्तोर उभा राह्यलो मी. तू बसून शिक."

धम्मशीलाने जर्मनीला नकार कळवला आणि इंग्लंडमधलं असं एक विद्यापीठ धरलं, की जिथली फी ऐकून कुणाचीही माफीचा विषय काढायची हिंमत होऊ नये.

लिंबाजीने लगेच बसथांब्यावर फ्लेक्स लावला : 'बोरीची कन्या लंडनला'. विद्यापीठ लंडनपासून बरंच लांब आहे, हे धम्मशीलाने सांगून पाहिलं. लिंबाजी म्हणाला, "लंडन म्हणलं की समजतं, पोरी. बाकीचं कुणाकुणाला सांगत बसू?" सत्काराची तारीख त्याने पंचायत समितीच्या सभापतींच्या सोयीने ठरवली.

आता अख्खा प्लॉट विकावा लागला; त्याचे पैसे नुकतेच खात्यात आले होते. ते महिनाभर तसेच पडून राहिल्यावरच व्हिसाचा अर्ज करायचा असतो, असं धम्मशीला म्हणत होती. पण तोवर सत्कार होऊन जाणार, आणि सभापतींच्या देखत 'अजून अर्जच केला नाही' असं कसं सांगायचं? पैसा आपला आहे, चोरीचा थोडाच आहे, असं म्हणत सिद्धोधनने तिला अर्ज टाकायला लावला.

सत्कार झाला. शाल, नारळ, परिचय. सिद्धोधन खुर्चीवर बसून होता आणि टाळ्या वाजवायला बाकीचे उभे राहिले होते.

त्यानंतर व्हिसाचा नकार आला. पैसे खात्यात पुरेसे दिवस नव्हते, एवढंच कारण. धम्मशीलाने ते बापाला मराठीत करून सांगितलं, आवाज न चढवता. 'मी म्हणले नव्हते का' असं ती बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

इंग्लंडचे प्रवेश तोवर बंद झाले. फ्लेक्स मात्र जागेवर होता, आणि किराणा आणायला निघालेल्या आईला, बबिताला, बायका विचारत, लेक कधी निघायलीय. बबिता टाळून टाळून किती टाळणार? एके दिवशी तिच्या तोंडून निघून गेलं, "गेली की."

मग जाणं भागच होतं. भर दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, सिद्धोधनने बॅग मोटारसायकलला बांधली. धम्मशीलाने तोंडाला स्कार्फ गुंडाळला. उतरल्यावर बॅगेची दोरी सोडता सोडता तो म्हणाला, "त्या जर्मनीवाल्यांला पुन्यांदा इचारून बघावं का?"

"नको, पप्पा."

"कामून?"

"त्यांला मी लिव्हलं व्हतं, तुमच्याहून चांगलं मिळालंय मला."

दोरीची गाठ त्याला सुटेना. ती तिनेच सोडवली.

आता बोरीत कुणी विचारलं तर सिद्धोधन सांगतो, तिकडं थंडी लय हाय, पण रुळली पोरगी. सभापतींनाही त्याने हेच सांगितलं.

धम्मशीला परभणीजवळ पिंगळीला सुलाबाई मावशीकडे राहते.