अमावास्या सोडून

सासऱ्याचं सुतक जावयाला तीन दिवसांचं. मी तेरा दिवस पाळलं. सासरे असते तर त्यांनी पहिली हरकत ह्यालाच घेतली असती. "जावईबापू, हे मामूल न्हाई," असं म्हणून चौथ्या दिवशी त्यांनी मला न्हाव्याकडे पिटाळलं असतं.

मला लिहायला वेळ लागतो. पण भेटायला येणारा प्रत्येक जण "जुन्या वळणाचा माणूस गेला" एवढंच बोलून चहा पितो आणि उठतो. त्यांचं वळण नेमकं किती जुनं होतं हे मला ठाऊक आहे. त्यातलं थोडं तर माझ्या डोळ्यांदेखत तयार झालं.

मामूल हा शब्द आमच्या निजामी मुलखात कचेरीपासून गोठ्यापर्यंत सगळीकडे चाले. पूर्वीपासून चालत आलेलं असेल ते मामूल. सरकारचा नियमही सोपा होता. मामूल असेल ते खुशाल करा, नवं काही करायचं तर इजाजत मागा. इजाजतीचा अर्ज तालुक्याहून औरंगाबादला जाई, तिथून हैदराबादला जाई; हैदराबादहून परत येण्याचं मात्र मामूल नव्हतं.

सासरे तीर्थपुरीचे. शेती बेताची. पण बांध कोणाचा, मिरवणूक कुठल्या गल्लीने जायची, असं काही निघालं की लोक त्यांच्याकडे येत, कारण त्यांना सगळं आठवे आणि ते खोटं बोलत नसत. हे दोन गुण सोडले तर माणूस अवघड होता. नवी वस्तू दारात आली की ते तिच्याकडे चोरट्या बैलाकडे पाहावं तसं पाहत. चहा त्यांनी बारा वर्षं घरात येऊ दिला नाही. मग एकदा तापात कोणीतरी पाजला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो उशिरा आला म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं.

मी एकदा त्यांना विचारलं, "मामा, नवी गोष्ट जुनी कधी होते?"

"ज्या दिवशी ती न्हाई भेटली अन् माणूस चिडला, त्या दिवशी."

औरंगाबादेत मॅट्रिक होऊन मी परत आलो तेव्हा माझ्याजवळ पुस्तकांची एक ट्रंक होती आणि जग सुधारण्याची घाई होती. माझं गाव तीर्थपुरीहून दोन कोसांवर, पण मुलांच्या शिकवण्या तीर्थपुरीतच मिळाल्या, म्हणून सासुरवाडीच्या शेजारीच बिऱ्हाड केलं. सहा मित्र गोळा केले आणि देवळालगतच्या धर्मशाळेच्या ओसरीत वाचनालय काढलं. चाळीस पुस्तकं आणि टपालाने येणारं पुण्याचं एक वर्तमानपत्र. त्याआधी मी महिनाभर बसून नियमावली लिहिली होती. अध्यक्ष कसा निवडावा, त्याला कसा काढावा, सभासदाने पान दुमडलं तर काय, सगळं तिच्यात होतं. ती मी सासऱ्यांना वाचून दाखवली.

शेवटपर्यंत ऐकून त्यांनी विचारलं, "कलमं किती?"

"सत्तावीस."

"अन् माणसं?"

"सात."

"म्हंजे एकेका माणसावर चार चार कलमं नेमली तुम्ही. पळून जायचं म्हनलं तरी जमायचं न्हाई." मग म्हणाले, "वाचा की बापू. वाचायला कोण न्हाई म्हनतंय? पर बी पेरायच्या आधी खळं सारवून राह्यले तुम्ही."

ते वाचनालयाकडे फिरकले नाहीत. मीही मनातल्या मनात त्यांना अडाणी ठरवून टाकलं. मनातल्या मनात, कारण जेवायला त्यांच्याकडेच होतो.

दोन महिन्यांनी तालुक्याच्या अमीनसाहेबांचा निरोप आला. अमीन म्हणजे पोलिसांचा अधिकारी. पुढच्या दौऱ्यात ते येणार होते आणि धर्मशाळेत चाललंय ते नवं की मामूल, एवढंच विचारणार होते. नवं ठरलं तर पुस्तकं जप्त, इजाजत येईपर्यंत ओसरी बंद, आणि मला तालुक्याला हेलपाटे. मामूल ठरलं तर कोणी बोट लावणार नव्हतं. थोडक्यात, दोन महिन्यांचं वाचनालय आजोबांच्या वेळचं आहे असं सांगणारा माणूस पाहिजे होता, आणि ज्याच्या शब्दावर अमीनसाहेब विश्वास ठेवतील असा गावात एकच होता.

नेमका धोंड्याचा महिना चालू होता. अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावतात, पुरणाचे धोंडे वाढतात, आणि जावई रुसला तर हवं ते देऊन त्याची समजूत घालतात. मी आयुष्यात कधी रुसलो नव्हतो. मला ते जमतही नाही. पण त्या दिवशी ताटावर हात आखडून बसलो.

सासूबाई घाबरल्या. "काय पाहिजे जावईबापूंना? अंगठी काढून ठेवली हाय."

"अंगठी नको. मामांची साक्ष पाहिजे."

मी सगळं सांगितलं. सासऱ्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. साठ वर्षांत खोटं बोलले नव्हते. धोंड्याच्या ताटावरून जावयाला उपाशी उठवल्याचंही त्यांच्या घराण्यात कोणाला आठवत नव्हतं. पुरण निवत चाललं. माझी बायको दारातून म्हणाली, "दादा, जल्दी काय ते ठरवा. ह्यांना भूक निघत न्हाई. आताच उचलून खातेत बघा."

तिचं बरोबर होतं. माझा हात निम्म्या वाटेवर होता.

सासऱ्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "माझा बाप त्या ओसरीत श्रावणात पोथी वाचायचा. धा माणसं ऐकायला बसायची. बाप गेला अन् पोथी बंद पडली, ते माझ्या अंगावर हाय. उद्यापासून आधी पोथीचं एक पान वाचा, मंग तुमचं काय ते. जोडे बाहेर. अन् पुस्तकं लाल फडक्यात बांधायची, पोथीसारखी. वर्तमानपत्र बी."

"वर्तमानपत्र कशाला, मामा?"

"साक्ष मी द्यायची का तुम्ही?"

मी जेवलो.

अमीनसाहेब आठवड्याने दुपारी आले. गालात पान, सोबत कारकून. सासरे लग्नातला पटका बांधून ओसरीत उभे होते. मी खांबाशेजारी दुसऱ्या खांबासारखा.

"बुजुर्गवार, ये नई बात है कि मामूल?"

"मामूल."

"कब से?"

"माझ्या बापाच्या येळेला इथं वाचायचे. धा माणसं बसायची. आता बी वाचतेत."

प्रत्येक शब्द खरा होता. मधली तीस वर्षं त्यांनी न बोलता ओलांडली, एवढंच. अमीनसाहेबांनी समोरचं एक लाल गाठोडं उचलून सोडलं. आत पुण्याचं वर्तमानपत्र निघालं, तेही आठ दिवस शिळं.

"और ये? ये भी पोथी?"

सासऱ्यांनी कागद हातात घेतला, खालीवर पाहिला. "ह्येचा रोज नवा अध्याय निघतो, साहेब. जिसका जैसा जमाना."

अमीनसाहेबांना हसायचं होतं, पण तोंडात पान होतं. ते उठून ओसरीच्या कडेला गेले, थुंकले, आणि मग मोकळेपणाने हसले. परत बसून विचारलं, "रोज पढते?"

"रोज," सासरे म्हणाले, आणि इथे त्यांच्या खरेपणाने घोळ केला. वर्षाचे सगळे दिवस कोणीही काहीही करत नाही, मग 'रोज' हे खोटं झालं की काय, अशी शंका त्यांना आली असावी. त्यांनी घाईघाईने जोडलं, "अमावास्या सोडून."

अमावास्येला आमच्याकडे बैल जुंपत नाहीत. कुठल्याही कामाला 'रोज' म्हटलं की शेतकऱ्याच्या तोंडून पुढचे दोन शब्द आपोआप निघतात. पण कारकुनाने ते लिहून घेतलं. कागदावर अमीनसाहेबांची सही झाली, आणि बैलांच्या सुट्टीच्या दिवशी बंद राहणारं वाचनालय सरकारदरबारी मामूल ठरलं.

मला वाटलं, झालं, सुटलो. संध्याकाळी ओसरीत जातो तो सासरे खांबाला टेकून बसलेले.

"मामा, तुम्ही इथं?"

"सायबाला धा माणसं म्हनलो. तुम्ही सात. मी धरून आठ. दोन आणा."

"त्यांनी मोजली थोडीच!"

"मी मोजली ना."

दोन माणसं त्यांनीच आणली. एक शेजारचे पिंजारी चाचा, दिवसभर कापूस पिंजून थकलेले. ते आल्या आल्या भिंतीला टेकून झोपत. दुसरा आमचा न्हावी. तो जागा राही, पण ऐकत नसे, सगळ्यांच्या दाढ्यांचा अंदाज घेत बसे. दहा झाले. त्या दिवसापासून सहा वर्षं, अमावास्या सोडून, सासरे रोज आले. मला आधी तो हट्ट वाटला. माझ्यासाठी जे अर्धं खोटं बोलले होते ते रोज थोडं थोडं खरं करत होते, हे कळायला मला दोन वर्षं लागली. आणि मी मॅट्रिक होतो.

वर्तमानपत्र त्यांना कधीच आवडलं नाही. लढाईच्या बातम्या ऐकून म्हणत, "काल बी ह्येच होतं." कोणी पुढारी नवं जग आणणार असल्याचं भाषण असलं तर विचारत, "अन् ह्या जुन्यातल्या माणसांना ठेवणार कुठं?" मी चिडून उत्तर देई. ते ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारत.

माझी बायको एकदा म्हणाली, तिलाही यायचंय.

"बायांचं मामूल न्हाई," सासरे म्हणाले.

"तुमची माय पोथी ऐकत नव्हती का, दादा?"

"ऐकायची. पर दाराआडून."

"मंग मी बी दाराआडून."

"धर्मशाळेला दार कुठं हाय?"

"मंग आड तरी कुठून आणू? समोरच बसते."

ते हरले. पण हरले ते मायच्या नावावर, म्हणून त्यांना लागलं नाही. मी हीच गोष्ट समानतेवर अर्धा तास बोलून मागितली असती तर आजवर मिळाली नसती. ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. ती बसली आणि मी बोलतच राहिलो असतो, एवढंच म्हणतो.

माझी सत्तावीस कलमं तोवर उंदरांनी वाचून संपवली होती. त्यातलं एकही कोणाला आठवत नव्हतं, मलाही नाही. जोडे बाहेर, आधी पोथी, मग अध्याय, गाठोडं बांधूनच उठायचं, हे मात्र झोपेतल्या चाचांनाही पाठ होतं.

निजामीच्या शेवटच्या वर्षी गावात भीती शिरली. काही घरं कुलपं लावून गेली, माणसं एकमेकांशी बोलताना आधी मागे पाहत. टपाल बंद पडलं. मी म्हणालो, "मामा, काही दिवस ओसरी बंद ठेवू."

"आज अमावास्या हाय का?"

"नाही."

"मंग?"

जुनंच वर्तमानपत्र आम्ही पुन्हा पुन्हा वाचलं. चाचा येत राहिले. त्या महिन्यांत ते झोपत नसत. एक दिवस सासरे त्यांना म्हणाले, "झोपा की चाचा, मी हाय." चाचांनी डोळे मिटले. झोपले नाहीत, पण मिटले. त्या वर्षी मामूल हा शब्द मला पहिल्यांदाच हसण्यासारखा वाटला नाही.

मग संस्थान गेलं, आणि हरभऱ्याला घाटे आले त्या सुमारास सासरेही गेले. आदल्या संध्याकाळी ओसरीत येऊन, गाठोडं स्वतः बांधून गेले होते. गाठ इतकी घट्ट होती की ती सोडायला मला बराच वेळ लागला. ती सोडायचीच नव्हती खरं तर.

नवव्या दिवशी अमावास्या आली. दुपारी वाचनालयातले चार तरुण घरी आले. सगळे माझ्याच हाताखाली शिकलेले. थोडं घुटमळून त्यांनी सांगितलं: आता इजाजत लागत नाही, राज्य आपलं आहे. आजच संध्याकाळी सभा भरवायची. टेबल, खुर्च्या, कपाट, पाटी. लाल फडकी काढून टाकायची. मी अध्यक्ष. त्यांनी नियमावलीही आणली होती, एकतीस कलमांची. अक्षर सुंदर होतं. मी एकेकाळी जे मागितलं होतं ते सगळं, चार कलमं जास्तीची घालून, माझ्या मांडीवर ठेवलेलं होतं.

मी ती पूर्ण वाचली. मग म्हणालो, "पाटी लावा. खुर्च्या चाचांना विचारून आणा, त्यांना भिंत लागते. पोथीचं पान राहील. आणि आज नाही. आज ओसरी बंद."

"का, सर?"

"अमावास्या आहे."

"पण ते तर बैलांसाठी असतं ना?"

"मामूल आहे."

"कधीपासून?"

कधीपासून ते मला दिवसासकट माहीत होतं. अमीनसाहेबांचं पान, कारकुनाचा टाक, घाईने जोडलेले दोन शब्द, सगळं डोळ्यांपुढे आलं. आयुष्यात खोटं बोलण्याचा मला फारसा सराव नाही.

"पहिल्यापासून," मी म्हणालो.

त्यातला धीट होता तो हसला. "सर, वाचनालयात बैल कुठे आहे?"

दाराआडून माझ्या बायकोचा आवाज आला, "हाय की. तुमच्या समोर बसलाय."

नऊ दिवसांत ती पहिल्यांदा हसली. पोरांनी नियमावली गुंडाळली आणि उद्या येतो म्हणाली. मी त्यांना थांबवून लाल फडक्याचा एक तुकडा दिला. एकतीस कलमं त्यात नीट बसली.