दाखवण्याचे यंत्र

मद्रासच्या अण्णा नगरातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात बालाजीराव एकतीस वर्षे विक्रेते होते, हे विधान वस्तुस्थितीला धरून असले तरी अपुरे आहे. त्या रस्त्यावर हार्डवेअरची दुकाने आणखी चार होती. या दुकानात गिऱ्हाईक येई ते आधी बालाजीरावांना विचारायला, आणि खरेदी हा त्या विचारण्याचा परिणाम असे.

भिंतीवर प्रकाशाची आडवी-उभी रेघ पाडणारे लेसर लेव्हल गेल्या काही वर्षांत घरगुती कामांसाठीही खपू लागले, तेव्हा बालाजीरावांनी ते यंत्र विद्यार्थ्याच्या चिकाटीने समजून घेतले. दोन फळ्या ठोकायला आलेल्या माणसाला ते बारा रेघांचे यंत्र घेऊ देत नसत. मद्रासच्या उजेडात लाल रेघ फिकी पडते, म्हणून हिरवी घ्या, असे ते सांगत; मात्र रंगावरून खरेपणा ठरत नाही, हेही लगेच जोडत. आतला लंबक प्रवासात कुलूपबंद ठेवायचा, नाहीतर यंत्र बिघडते. आणि डब्यावर छापलेल्या अचूकतेवर विश्वास ठेवायचा नाही, ती पाहायची. त्यासाठी यंत्र दोन भिंतींच्या बरोबर मध्ये ठेवून ते दोन्हीकडे पेन्सिलीने खूण करत. मग ते एका भिंतीजवळ नेऊन तिथल्या खुणेवर रेघ बसवत आणि गिऱ्हाइकाला समोरच्या भिंतीशी उभे करत. रेघ तिथल्या खुणेवर पडली तर यंत्र खरे. ती नेहमी पडे.

दुकानाचा मालक विजयेंद्र. त्याच्या वडिलांनी बालाजीरावांना तंजावरहून आणून गल्ल्याशेजारी उभे केले होते. विजयेंद्रने नव्या कंपनीची हिरव्या रेघेची यंत्रे मागवली, तेव्हा पहिला नग त्याने बालाजीरावांच्याच हाती दिला आणि पसंत पडला तरच माल घेऊ, असे सांगितले. बालाजीरावांनी तो आठ दिवस तपासला, नाना प्रकारे कलवून पाहिला, आणि पसंत केला. पुढे तोच नग दाखवण्यासाठी बाहेर राहिला. विकायचे डबे सीलबंद असत. एक नग खरा म्हणजे त्याची भावंडेही खरी, असे ते धरून चालले. चार महिने त्या यंत्राचा खप चांगला झाला.

त्याच सुमारास घरी स्वयंपाकघराच्या टाइल बदलायच्या ठरल्या. बालाजीरावांनी दुकानातून एक सीलबंद डबा नेला, ओट्यामागच्या भिंतीवर पडलेली रेघ स्वतः पेन्सिलीने गिरवली, आणि गवंड्याने त्या रेघेबरहुकूम टाइल लावल्या. काम वाळल्यावर त्यांच्या पत्नी त्रिपुरसुंदरी ओट्याशी उभ्या राहून बराच वेळ पाहत होत्या. टाइल आणि ओटा यांमधली फट खिडकीशी दोऱ्याएवढी होती आणि दाराशी तिच्यात करंगळी जात होती.

“एकतीस वर्षे गावच्या भिंती सरळ केल्यांत,” त्या म्हणाल्या, “आमचीच तेवढी नाचते.”

ओटा वाकडा असेल, असे बालाजीराव म्हणाले. पण ओटा त्यांनीच बसवून घेतला होता. यंत्रावर त्यांना शंका आली नाही, स्वतःवर आली. रेघ गिरवताना खिडकीचा उजेड डोळ्यांवर होता. वय बासष्ट. दुसऱ्या दिवशी त्यांनी विजयेंद्रला हे सांगितले, तेही काहीशा लाजेने, कारण ज्याची नजर गेली त्याने लोकांना सल्ला द्यावा का, हा प्रश्न त्यांना रात्रभर छळत होता. विजयेंद्रने फार आपुलकीने ऐकून घेतले. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ त्याने स्वतः ठरवली आणि जायला-यायला गाडी दिली. “या वयास व्हायचंच, काका. पर्वाइल्लै, काही बिघडत नाही,” असेही तो म्हणाला.

डॉक्टरांना चष्म्याचा किरकोळ फरक सोडून काही आढळले नाही. बालाजीरावांना याचा आनंद झाला नाही. घरी येऊन त्यांनी पारदर्शक नळीत पाणी भरले, तिचे एक टोक खिडकीशी धरले आणि दुसरे त्रिपुरसुंदरींच्या हातात दिले. नळीच्या दोन टोकांतले पाणी एकाच पातळीला राहते. त्यात कुणाचे मत चालत नाही. ओटा सपाट निघाला. मग त्यांनी यंत्र लावले. रेघ पाण्यापासून सुटत सुटत वर गेली.

सकाळी लवकर येऊन त्यांनी गोदामातले तीन डबे फोडले. तिन्ही यंत्रांची रेघ तशीच वर जात होती. दाखवण्याचे यंत्र तेवढे बिनचूक होते. त्यांनी ते उलटे केले. तळाच्या लेबलाखाली दुसरे लेबल होते. नखाने कड उचलल्यावर दुसऱ्याच कंपनीचे, तिप्पट किमतीच्या यंत्राचे नाव दिसू लागले.

विजयेंद्र आला तेव्हा चारही यंत्रे टेबलावर ओळीने मांडलेली होती. त्याने नाकारले नाही. नाकारले असते तर बालाजीरावांना कदाचित बरे वाटले असते. लोक दोन खिळे मारतात आणि यंत्र माळ्यावर टाकतात, कुणाला कळते, असे त्याचे म्हणणे होते. दोघेतिघे तक्रार घेऊन आले होते, पण बालाजीराव जेवायला गेलेले असताना. त्या गिऱ्हाइकांना त्याने समजावून परत पाठवले होते. काय समजावले, हे बालाजीरावांनी विचारले.

“काकांस आता नीट दिसत नाही, म्हटलं.”

“मज का नाही सांगितलंस?”

“तुम्हांस सांगितलं असतं तर तुमच्या तोंडावर दिसलं असतं, काका. तुम्हांस खरं वाटत होतं, म्हणून तर लोक घेत होते.”

म्हणजे आठ दिवस त्यांनी यंत्र तपासले नव्हते. तपासले गेले होते ते स्वतः. आणि पसंत पडले होते.

तेवढ्यात हरिणी नावाची एक तरुणी आत आली. तिला भाड्याच्या घरात पुस्तकांच्या फळ्या लावायच्या होत्या. तिरुवल्लिकेणीला राहणाऱ्या नवीन या तिच्या मित्राने तिला हे दुकान आणि हिरव्या रेघेचे यंत्र सुचवले होते; दुकानातल्या वयस्कर गृहस्थांनाच विचार, असेही बजावले होते. ती हे सारे तमिळमध्ये सांगत होती. विजयेंद्रने गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून आपल्या तंजावरी मराठीतच, हळू आवाजात म्हटले, “काका, दाखवायचं यंत्र घ्या. मागून बोलूं.”

बालाजीरावांनी उत्तर तमिळमध्ये दिले, आणि ते हरिणीकडे पाहून दिले. या यंत्राची रेघ खरी नाही. इथे दाखवतात ते वेगळे आणि डब्यात देतात ते वेगळे. हे घेऊ नका. विजयेंद्र उठून बाहेर पायरीवर गेला आणि फोनवर बोलू लागला, किंवा बोलत असल्यासारखा उभा राहिला.

हरिणीने अगदी साध्या सुरात विचारले, “मग नवीनला तुम्हीच कसे दिलेत?”

मला ठाऊक नव्हते, हे उत्तर त्यांच्याजवळ होते आणि ते खरेही होते. पण ते मालकाच्या पेढीवर उभे राहून बोलायचे वाक्य आहे, असे त्यांना वाटले नाही. गोदामातला एखादा डबा फोडून पाहायला त्यांना चार महिने कुणी अडवले नव्हते.

“मीच दिले,” ते म्हणाले. नवीनचा पत्ता दिल्यास आपण घरी जाऊन त्याचे काम तपासून देऊ, चुकले असेल ते नीट करून देऊ, असे त्यांनी सांगितले आणि काउंटरवरचा कागद पुढे केला.

हरिणीने कागदाकडे पाहिले, टेबलावरच्या चार यंत्रांकडे पाहिले, आणि मग बालाजीरावांच्या तोंडाकडे, एखादा डबा सील आहे की फोडलेला, हे पाहावे तसे. नवीनला विचारून कळवते, असे ती विनयाने म्हणाली. पत्ता तिने लिहिला नाही.