पलंगाच्या पायापर्यंतचं ऊन

मुकुंदवाडीतल्या आमच्या घराचं दार पश्चिमेला आहे. मे महिन्यात लेकरांना दुपारभर घरात कोंडून ठेवायचं म्हणजे डोक्याला ताप. पत्ते झाले, सागरगोटे झाले, कूलरपुढं तोंड धरून ओरडणं झालं, तरी घडीघडीला एकच, "आई, ऊन गेलं का?" शेवटी वैतागून मी कायदाच केला. दाराच्या फटीतून फरशीवर उन्हाचा पट्टा पडायचा. तो सरकत सरकत पलंगाच्या पायाला लागला की बाहेर जायचं, तोवर ब्र काढायचा नाही. दोघंही पट्ट्यावर नजर लावून बसायची आणि इकडं माझा डोळा लागायचा.

एकदा खरखर ऐकून जाग आली. बघते तर काय, कार्टी लोखंडी पलंग माझ्यासकट दाराकडं ओढत होती! रागवायला तोंड उघडलं, पण हसूच फुटलं.

आता दोघंही पुण्याला असतात. परवा आली, दोन दिवस राहिली. जाताना जेवणाच्या ताटावर म्हणाली, "आई, ऊन उतरलं की निघतो."

दोघं हात धुवायला उठली, तेवढ्यात मी पलंग ढकलत नेऊन पार मागच्या भिंतीला लावला.